नऊ नंबरचं गोदाम

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

डॉक्टर म्हणाले, रोज दोन ओळी लिहा. काय जेवलात, किती झोपलात, डोकं कशानं दुखलं. रक्तदाबाची गोळी वाढवण्याआधी त्यांना हे बघायचं आहे. मी म्हटलं, डोकं कशानं दुखतं ते आत्ताच सांगतो, विंडोज टेननं. ते हसले नाहीत.

म्हणून ही वही. झोप पाच तास. जेवण डब्यातलं, गार.

आता डोक्याचं. औषधं वाटणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. मशिनं एकशे बत्तीस, सांभाळणारे माझ्यासकट तिघं. चौदा ऑक्टोबरनंतर विंडोज टेनला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. मग सगळीकडे नवीन सिस्टीम, म्हणजे इलेव्हन, घालायची, की एक वर्षाची मुदतवाढ घेऊन जुनंच रेटायचं? ठरवणार आमचे साहेब, अभिमन्यू. वय चौतीस. शिफारस मी करायची. म्हणजे बरोबर निघालं तर त्यांनी ठरवलं आणि चुकलं तर मी सुचवलं.

बायको, संध्या, मागून येऊन म्हणाली, "काय लिहून राहिले?" मी म्हटलं, औषध घेतोय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पाच दिवस टेबलांखाली रांगतोय. प्रत्येक मशिनवर तपासणीचा एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा, तो हिरवं किंवा लाल दाखवतो. लोक मागे उभे राहून श्वास रोखून बघतात, दहावीचा निकाल असल्यासारखे. आज अकाउंट्समधल्या एका बाईंनी लाल आल्यावर मला विचारलं, "मी काही चुकीचं दाबलं का?" पंचेचाळिशीत गुडघे आणि पाठ दोन्ही एकदम बोलायला लागतात हे मात्र आज नीट कळलं.

शहाण्णव पास, पस्तीस नापास. उरलेलं एक हयवदन अण्णांचं. त्यावर तपासणीचा प्रोग्रॅमच चालेना.

अण्णांबद्दल लिहायला हवं, नाहीतर डॉक्टरांना कळायचं नाही की दिवसातून वीस मिनिटं माझं डोकं दुखत का नाही. अण्णा सत्तावन्न वर्षांचे, येलहंक्याहून येतात. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं कानडी मुलखात आलं ते इथलंच झालं. घरात अजून मराठी बोलतात, पण कानडीत मुरलेली. मी अकरा वर्षांपूर्वी नागपूरहून आलो तेव्हा पहिल्या दिवशी त्यांचं निम्मं बोलणं मला समजलं नव्हतं. समजलं ते एवढंच, की हा माणूस मला चहाला बोलावतोय. तेव्हापासून चार वाजता गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही दोघं.

कंपनीचा औषधांचा सगळा साठा अण्णांच्या प्रोग्रॅमवर चालतो. १९९९ साली त्यांनी तो फॉक्सप्रो नावाच्या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत स्वतः लिहिला. निळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाहीच. कुठल्या गोदामात कुठलं औषध किती, कधी मुदत संपणार, कुठल्या दवाखान्याला काय पाठवायचं, सगळं त्यात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी महिना बंद करायचा असतो. त्या दिवशी अण्णा खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढतात. "चहा पिऊन या, स्वल्प वेळ लागेल." दार लावून दहा मिनिटं आत एकटे. आत काय करतात ते कुणाला माहीत नाही. लोक म्हणतात, मशिनची पूजा करतात.

आणखी एक गंमत. आमची गोदामं सहा. त्यांच्या पडद्यावर एक ते सहा, आणि मग एकदम नऊ. मी एकदा विचारलं होतं, हे नववं कुठं आहे? "सुम्ने असू दे बा," म्हणाले. उगीच आहे, राहू दे. मी राहू दिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

अभिमन्यूनं यादीचा नवा तक्ता पाठवला. मशिनचा नंबर, मशिनचं वय, वापरणाऱ्याचं नाव, त्याचं वय, कंपनीत किती वर्षं, आणि शेवटी शेरा. नवीन मशीन कुणाच्या टेबलावर जाणार ते कळायला नाव लागणारच. वय कशाला ते कळलं नाही. शिकवायला किती वेळ लागेल याचा अंदाज घेत असतील. तरुणांना दोन दिवस, आमच्यासारख्यांना आठवडा.

आउटर रिंग रोडवर मेट्रोचं काम आमच्या आयुष्यात संपणार नाही. चार किलोमीटरला एक तास दहा मिनिटं. झोप पाच तास.

२ सप्टेंबर, मंगळवार

अण्णांच्या प्रोग्रॅमला नव्या सिस्टीमवर चालवून पाहिलं. थेट चालतच नाही, तो फार जुना आहे. जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम मिळतो, त्याच्या आत घालून पाहिला. चालला! मी खुर्चीत मागे टेकून बसलो. मग पावती छापली. औषधाचं नाव आलं, नग आले, मुदत संपायची तारीख कागदाबाहेर गेली. दिवसभर खटपट केली, तारीख काही कागदावर येईना. औषधाच्या धंद्यात तारीख नसलेली पावती म्हणजे तुरुंग.

तेव्हा शिफारस ठरली. एकशे एकतीस मशिनांचं साहेबांनी काय हवं ते करावं, नवीन घालावं नाहीतर नवीन घ्यावं. अण्णांच्या एका मशिनला मुदतवाढ द्यावी. म्हणजे अण्णांनाही वर्ष मिळेल. त्यांच्या निवृत्तीला एक वर्षच उरलंय. ते कधी बोलले नाहीत, पण या नव्या सिस्टीमच्या चर्चेत त्यांचा चहा निम्मा तसाच राहतो, हे मी बघतोय. प्रोग्रॅम गेला तर आपण कशाला, ही त्यांची भीती. साहजिक आहे.

मग शेऱ्याच्या रकान्यात मी त्यांच्यासाठी लिहिलं. इतरांना "रॅम कमी", "डिस्क जुनी" अशा शेऱ्यांवर भागवलं होतं. इथं मन लावून लिहिलं: "हे मशीन आणि त्यावरचा प्रोग्रॅम संपूर्ण कंपनीत फक्त हयवदन यांनाच चालवता येतो. त्यांच्याशिवाय महिना बंद होणं अशक्य." इंग्रजीत आणखी भारदस्त दिसतं. दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं. आता कुणाची हिंमत आहे त्यांना हात लावायची!

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. झोप सहा तास.

३ सप्टेंबर, बुधवार

चहाच्या वेळी फोनवर तो तक्ता उघडून अण्णांना दाखवला. त्यांनी वाचला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा वाचला.

"पाठवलंस का?"

"कालच पाठवला. वरपर्यंत जाणार आहे."

त्यांनी फोन माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. चांगलं लिहिलंयस. माझ्याबद्दल एवढं कुणी लिहिलं नव्हतं."

जुनी माणसं अशीच. कौतुक तोंडावर झालं की अवघडतात. चहा पुन्हा निम्मा राहिला, पण आज तो आनंदानं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

अण्णा दोनशे पानी वही घेऊन आलेत. प्रोग्रॅमबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं लिहून काढणार म्हणे. मी म्हटलं, उत्तम! साहेबांना कळू दे तुमच्या डोक्यात किती आहे ते. ते म्हणाले, "हो बा. कळू दे."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वही चालूच आहे. जेवणाची सुट्टी सोडून लिहीत बसतात, चहालाही तीन दिवस आले नाहीत. अक्षर काय सुंदर! इंग्रजीत लिहितात, पण आकृत्यांखाली रेघा पट्टीनं मारलेल्या. मी वाचलं नाही, वाचायला वेळ कुणाला. पण उघडून बघितली तरी समाधान होतं.

संध्याला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली, "सगळं लिहून काहून देऊन राहिले ते? माणूस आपल्याजवळचं सगळं कधी लिहून देते?" मी म्हटलं, तुला ऑफिसमधलं कळत नाही. ती शाळेत शिकवते, तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. ऑफिसात झेंडूच्या माळा, गेटवर कोहळा फोडला, चुरमुरे-बत्तासे वाटले. इथं दरवर्षी सगळ्या मशिनांना हळद-कुंकू लावतात. कीबोर्डमध्ये कुंकू जातं आणि आठवडाभर मी ते काढत बसतो. दरवर्षी सूचना काढतो, दरवर्षी कोणी ऐकत नाही.

अण्णा कधी कीबोर्डला लावत नाहीत. मशिनच्या डब्याला वरच्या कोपऱ्यात एक बोट, एवढंच. सव्वीस वर्षांत तीन मशिनं बदलली, प्रोग्रॅम तोच. आज त्यांनी घरून जास्वंदाचं एकच फूल आणलं होतं. ते ठेवलं, हात जोडले आणि जरा जास्तच वेळ उभे राहिले. मी गमतीनं म्हटलं, "अण्णा, पुढल्या वर्षासाठी पण आजच मागून घेताय काय?"

"पुढल्या वर्षी तू लाव रे कुंकू," ते म्हणाले. "कोपऱ्यातच लाव हं."

वसुमती अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नींनी, गोज्जवलक्की पाठवली होती. चिंच-गुळाचे आंबटगोड पोहे. मी एकट्यानं निम्मा डबा संपवला. ही पण डॉक्टरांसाठी नोंद.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी अण्णांना वर बोलावलं. चार वाजता टपरीवर त्यांनी सांगितलं. आधी चहा मागवला, मग सांगितलं.

"या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत ये म्हणाले. मग घरी. अष्टे." एवढंच.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वर्षच राहिलं होतं. म्हटलं, असं कसं, मी लिहिलंय ना, तुमच्याशिवाय महिना बंद होत नाही म्हणून! ते म्हणाले, "तू तब्येत बघ. तोंड लाल झालंय तुझं."

आज त्यांनी पूर्ण चहा प्यायला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अभिमन्यूकडे गेलो. हे वाक्य कसं सुरू करायचं ते रात्रभर घोकलं होतं, पण सुरुवातच त्यानं केली. "अरे सूर्यकांत सर! आइए, आइए. बहुत सही पकड़ा आपने."

मी विचारलं, काय पकडलं?

त्यानं तक्ता उघडला. माझी ओळ पिवळी केलेली होती. एकशे बत्तीस ओळींत तेवढी एकच. "पूरी कंपनी एक आदमी के भरोसे? वो कल बीमार पड़ जाए तो? ऊपर सब घबरा गए. आपने नहीं लिखा होता तो हमें पता ही नहीं चलता." म्हणून अण्णांचा प्रोग्रॅम बंद. नवीन सिस्टीम सगळीकडे, मुदतवाढ कुणालाच नाही. साठ्यासाठी बाजारातला तयार प्रोग्रॅम येणार. आणि अण्णांनी सगळं लिहून दिलंय, तेव्हा त्यांना थांबवायचं कारणही उरलं नाही. त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. तो वाईट माणूस नाही, हेच जास्त वाईट.

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक "ओके" म्हणालो.

मला लाज वाटते. मी त्यांना वाचवायला निघालो आणि बोट दाखवून आलो. हे त्यांना सांगायला हवं. उद्या सांगेन.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज तो दिवस. विंडोज टेनचा शेवट. काही झालं नाही. मशिनं कालसारखीच सुरू झाली.

अण्णांना सांगितलं नाही. सात दिवस चहाला जातो आणि मेट्रोबद्दल बोलतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सांगायचंच ठरवून गेलो. म्हटलं, "अण्णा, तो शेरा..." तेवढ्यात ते म्हणाले, "सिद्धीची परीक्षा कशी झाली?" माझ्या मुलीचं गणित गेल्या वर्षी कच्चं होतं हे त्यांच्या लक्षात आहे. मग गणितावर बोललो. मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथं खरं लिहून ठेवतो. डॉक्टर वाचणार असतील तर वाचोत.

घरच्या लॅपटॉपवरही रोज विचारणा येते, नवीन सिस्टीम घालू का? खाली एक बटण असतं, नंतर आठवण करा. रोज तेच दाबतो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

माझ्या कामांच्या रांगेत सकाळी एक काम येऊन पडलं होतं. "हयवदन. खातं बंद करणे. वेळ सायंकाळी ५.००." ज्याची नोकरी संपते त्याचं खातं मी बंद करतो, हा नियमच आहे. अकरा वर्षांत पाचशे तरी बंद केली असतील. कधी नाव वाचलं नाही.

साडेचारला अण्णांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं. "चहा पिऊन या." शेवटचा महिना बंद करायचा होता. आज मी चहाला गेलो नाही, माझ्या टेबलाशी बसून राहिलो. पाच वाजले. दार बंदच. माझ्या पडद्यावर त्यांचं नाव आणि पुढे लाल बटण. पाच वाजून दहा मिनिटांनी अभिमन्यूचा संदेश आला, झालं का? मी लिहिलं, सर्व्हर स्लो आहे. सर्व्हर उत्तम चालला होता.

पाच चाळीसला अण्णा बाहेर आले. वही माझ्या हातात दिली. "पूर्ण झाली. वाच हं निवांत." मी म्हटलं, हो. मग त्यांनी विचारलं, "खातं बंद केलंस का?" त्यांना नियम ठाऊक आहे. मी म्हटलं, अजून नाही. "मग कर की. माझ्यामुळं तुला बोलणी नकोत."

त्यांच्यासमोर मला ते दाबवेना. ते समजले असावेत, डबा घेऊन बसकडे निघून गेले. बस सुटल्यावर दाबलं. नाव काळ्याचं राखाडी झालं.

सांगितलं नाहीच.

१० नोव्हेंबर, सोमवार

अण्णांच्या वहीच्या सगळ्या पानांचे फोटो शिपायाकडून काढून घेऊन फाइल वर पाठवली. एकेचाळीस पानं भरली आहेत. "उत्तम," असं उत्तर आलं. तिथंही कुणी उघडली नसणार. मूळ वही माझ्या खणात. उघडली की त्यांचं अक्षर दिसतं, म्हणून उघडत नाही.

नव्या प्रोग्रॅमवाली माणसं जुन्या साठ्याच्या नोंदी उचलून नव्यात नेतायत. आज त्यांनी साफसफाईची यादी दिली, जे निरुपयोगी आहे त्यापुढे खूण करा म्हणून. तीनशे ओळी. तिसऱ्या पानावर: "गोदाम ९. असं गोदाम अस्तित्वात नाही. यातला माल गोदाम १ च्या चालू साठ्यात मिळवायचा का?" मी हो वर खूण केली. सुम्नेच होतं ते. अण्णांचं काहीतरी जुनं राहून गेलेलं.

झोप चार तास. गोळी वाढली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

परवापासून नवं सगळं सुरू झालंय. निळा पडदा गेला. सुरू करायचं बटण आता मधोमध आलंय, तर दिवसभर लोक फोन करतात, बटण हरवलं म्हणून.

तीन वाजता गोदामातून सौम्याचा फोन. ती गोदाम एकची प्रमुख, कधी आवाज चढवत नाही. आज चढला होता. "सर, हे सिरप गाडीत चढवायला सांगतंय तुमचं नवीन सॉफ्टवेअर. चौदा खोकी. मी सहज तारीख बघितली. मे महिन्यात मुदत संपलीय सर! हे मुलांचं औषध आहे!"

गाडी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यासाठी होती. मी म्हटलं, गाडी थांबव, सगळ्याच गाड्या थांबव. मग तिला पावती वाचून दाखवायला सांगितलं. पावतीवर माल गोदाम एकमधला लिहिलेला होता. आणि गोदाम एकमध्ये काय मिळवलं ते मला एकदम आठवलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सहाला ऑफिसात येऊन वही उघडली. इंग्रजी, इंग्रजी, इंग्रजी. चौतिसावं पान मराठीत.

"सूर्यकांत, हे पान तुझ्यासाठी मराठीत लिहितो. हे शोधायची वेळ तुझ्यावरच येईल.

मुदत संपलेला माल दवाखाने परत पाठवतात. बनवणारी कंपनी लेखी मान्य करेपर्यंत तो साठ्यातून वजा करायला माझा प्रोग्रॅम देत नाही. १९९९ साली माझी चूक झाली, मग निस्तरता आली नाही. वजा होत नाही, आणि ठेवला तर विकायच्या यादीत दिसतो. म्हणून नऊ नंबरचं गोदाम केलं. ते फक्त कागदावर आहे, खोकी पडून असतात गोदाम एकमध्येच. महिनाअखेरीस सगळ्यांना चहाला पाठवून मी हाच माल एकेक करून तिथं नेतो. लोकांसमोर स्वतःची चूक काय दाखवायची? नऊ नंबरमधलं काहीही कधीच कुठल्या गोदामात मिळवायचं नाही. दुसरं काही विसरलास तरी चालेल.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हे एक माझ्याजवळ असेतोवर मला कुणी काढणार नाही असं वाटायचं."

खाली तारीख घातली आहे. २६ सप्टेंबर. मी त्यांना तक्ता दाखवला होता ३ सप्टेंबरला. वर बोलावणं आलं ते ६ ऑक्टोबरला.

मी तारीख पुन्हा पुन्हा वाचली.

दिवसभर सौम्या आणि मी जुन्या प्रोग्रॅमच्या ठेवलेल्या प्रतीवरून नऊ नंबरची यादी काढून एकेक खोकं शोधलं. दोनशे अकरा. बाहेर एकही गेलं नव्हतं. सौम्यानं सगळ्यांवर लाल फुल्या मारल्या. अभिमन्यूला लेखी कळवलं, मिळवायला मी सांगितलं होतं, चूक माझी, आणि वहीत हे लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. त्याचं उत्तर आलं नाही अजून.

२९ नोव्हेंबर, शनिवार

येलहंक्याला गेलो. हेब्बाळला बस बदलून दोन तास. अकरा वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच गेलो. फोन केला नव्हता.

दार अण्णांनीच उघडलं. घरातलं धोतर, चष्मा कपाळावर. मला बघून आश्चर्य नाही की काही नाही.

"नऊ नंबर का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. "माल बाहेर गेला?" "नाही." तेव्हा कुठं ते दारातून बाजूला झाले.

आत बसलो. वसुमती अक्का पाणी देऊन आत गेल्या. मी आधी माल सापडल्याचं सगळं सांगितलं, खोक्यांचा आकडा, लाल फुल्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर. मग बोलायचं काही उरलं नाही, आणि मी सांगून टाकलं. की तुमचं काम गेलं ते माझ्या त्या ओळीमुळं. की महिनाभर मी रोज तुमच्याबरोबर चहा प्यायलो आणि सांगितलं नाही.

"माहीत आहे रे," ते म्हणाले. "तू दाखवलंस तेव्हाच कळलं. सव्वीस वर्षं काढली मी तिथं. फक्त याच माणसाला येतं असं कुणी कुठं लिहितं का?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी लगेच त्यांना कळवलं असतं, चुकून गेलं म्हणून. ती ओळ परत घेतली असती."

"पाठवून झालं होतं ना." त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग हसले, पण माझ्याकडे बघून नाही. "आणि तू किती खूश होतास बा."

मला रडू आलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या घरी, सोफ्यावर. अण्णांनी आत हाक मारली, "अगं, ताक आण स्वल्प." ताक आलं. कोथिंबीर, हिंग, मीठ अगदी बेताचं. मी म्हटलं मला रक्तदाब आहे ते तुम्हाला कसं माहीत. अक्का म्हणाल्या, "हे रोज सांगायचे की तुमचं."

निघताना त्यांनी फाटकापर्यंत येऊन विचारलं, "वही वाचलीस ना सगळी?"

मी खोटं बोलणार होतो. म्हटलं, नाही. फक्त चौतिसावं पान.

"वाच की मग," ते म्हणाले.

वही पिशवीत होतीच. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पहिलं पान उघडलं. वर त्यांच्या पट्टीच्या रेघेखाली पहिली सूचना होती: मशीन सुरू करा. जुनं आहे, चार मिनिटं लागतात. तोवर काही दाबू नका, शेजारी बसा.

माझा थांबा, मारतहळ्ळी, येईपर्यंत अकरा पानं झाली.